मिससाबांची रजा

मिससाब रजेवर निघाल्या की धारच्या बायका धास्तावून जायच्या, असं आजी सांगायची. तिनं ते तिच्या सासूकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून ऐकलेलं. मिससाब म्हणजे डॉक्टर मार्गारेट ओहारा. कॅनडातल्या किंग्स्टनला डॉक्टरकी शिकून १८९१ साली त्या इंदूरच्या मिशनमध्ये आल्या आणि १८९५च्या सुमारास धारला मिशनचं ठाणं झालं तेव्हा तिथं आल्या. त्यांच्या दवाखान्यात पणजी पट्ट्या धुवायला आणि पाणी तापवायला होती. नवरा पवारांच्या दरबारी कारकून होता, तो गेला. पदरात पोरं आणि वाड्यात भाऊबंदांची बोलणी. मिशनमधून घरी येताना ती रोज विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायची, मगच उंबरा ओलांडायची. "धर्म पाण्यावर टिकला आणि पोट पगारावर," असं आजी हसून म्हणायची.

तर ही रजा. मिशनचा नियम असा, की काही वर्षं काम झालं की माणसाला लांब मुदतीची सुट्टी देऊन मायदेशी पाठवायचं. पणजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही. बाई हट्टीकट्टी, घरी लग्न नाही, कुणाचं सुतक नाही, तरी आजारी बायकांना सोडून आगबोटीनं जाते, म्हणे विश्रांतीला! शिवाय गेलेलं गोरं माणूस परत येईल याची खात्री कोण देणार? मिससाब परत यायच्या. पणजीचं तोंड तेवढ्यापुरतं बंद व्हायचं आणि पुढच्या रजेला पुन्हा उघडायचं.

पणजीला जे कळलं नाही त्याचं उत्तर तिच्या दारापासून पंधरा-सोळा कोसांवर इंदुरात होतं. ओहाराबाईंच्या आधी, १८८४ साली, एलिझाबेथ बीटी नावाची तरुण डॉक्टर तिथं आली होती. मिशनची तिथली पहिलीच स्त्री-डॉक्टर. दोन वर्षांनी मॅरियन ऑलिव्हर येईपर्यंत तिच्या जोडीला दुसरी डॉक्टरीण नव्हती. माळव्याचा उन्हाळा, नवी भाषा, पडद्याआडचे रोगी आणि दारात रोजची रांग. काही वर्षांतच बीटीबाईंची प्रकृती ढासळली आणि त्या कायमच्या परत गेल्या. मिशनच्या रजेत लोकांना उदारपणा दिसतो. मला त्यात व्यापाऱ्याचा हिशेब दिसतो. एक डॉक्टर शिकवायची, सात समुद्र ओलांडून आणायची, तिला हिंदी शिकवायची आणि ती विझेपर्यंत वापरायची, यात घाटा आहे. सहा महिने-वर्ष घरी पाठवणं स्वस्त पडतं. ओहाराबाई मध्य भारतात तीस वर्षांहून अधिक टिकल्या.

त्यातली १८९९-१९००ची दुष्काळाची वर्षं तर अशी, की माळव्यासारख्या सुपीक मुलखातल्या म्हाताऱ्यांनाही उपासमारीच्या आठवणी ऐकवायला मिळाल्या. संवत १९५६, म्हणून त्याला छप्पन्नचा काळ म्हणत. आधी मारवाडातून माणसं चालत आली, मग माळवाच उपाशी पडला, मग पटकी आली. मिशननं अनाथ मुलं सांभाळली. पणजी सांगायची, त्या दिवसांत पट्ट्या धुवायचं काम थांबलं होतं, कारण जखमांकडे बघायला कुणाला सवड नव्हती; ती दिवसभर पेज वाटायची. पुढं मिससाबांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं आणि १९३१ मध्ये त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं. पेज वाटणाऱ्या बाईला काय मिळालं, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आजी मात्र एकदा पटकन बोलून गेली, "मिससाबांना रजा होती, सासूबाईंना एकादशी होती."

जुन्या माणसांना विश्रांतीचं महत्त्व ठाऊक नव्हतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. आमच्या घरात आणखी एक दंतकथा होती. १७७५च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला, हा इतिहास. त्या बाळंतपणाची सुईण आमच्या घरातली होती, ही दंतकथा. कागद एकही नाही, आणि धारमध्ये अशी 'आमचीच सुईण' सांगणारी घरं मी आणखीही ऐकली आहेत. एकाच बाळाला इतक्या सुइणी कशा पुरल्या ते देव जाणे! पण त्या कथेबरोबर आलेला एक रिवाज खरा वाटतो. बाळंतपण उरकलं की सुइणीला गरम पाणी, गरम भात आणि ओसरीवर पथारी. ती आपली आपण उठेपर्यंत तिला हाक मारायची नाही, दाराशी दुसऱ्या घरचं बोलावणं उभं असलं तरी. लुगडं-खण पाचवीला. झोप मात्र त्याच दिवशी, रोख.

ही रोख झोप पुढं कुठं गेली ते आत्याच्या गोष्टींत सापडतं. १९४८ साली संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, दरबारी दवाखाने सरकारी झाले आणि आत्या इंदूरला नर्सिंग शिकून सरकारी नोकरीत लागली. कुठल्या गावच्या इस्पितळात ते नाव मुद्दाम घेत नाही. एकेका वॉर्डाला एकच सिस्टर आणि दुसरी आली नाही की तीच पुढच्या पाळीला. तिथली मेट्रन केरळची, आवाजानं कडक. सलग दोन पाळ्या केलेल्या मुलीला ती चादरींच्या खोलीत ढकलायची, बाहेरून कुलूप घालायची आणि किल्ली कमरेला लावून राउंडला जायची. साहेबांनी विचारलं तर, "सिस्टर स्टोअरला गेल्या." तासाभरानं कुलूप उघडायचं. आत्या ते सांगताना डोळे मिटून हसायची. तिच्या उभ्या नोकरीत कुणी तिच्यावर इतकी माया केली नव्हती, असं ती म्हणायची. मला मात्र ती गोष्ट ऐकताना राग येतो. मिशनच्या नियमात लिहिलेली, सुइणीच्या रिवाजात बसलेली विश्रांती या इस्पितळात चोरीचा माल झाली होती आणि एक भली बाई त्या चोरीत सामील होती.

राबणाऱ्या बाईच्या विश्रांतीची आणखी एक गोष्ट देवासची. तिथं आजीच्या माहेरी आम्ही सुट्टीत जायचो. टेकडीवर थोरली आणि धाकटी अशा दोन माता आणि खाली पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थानं. एका गावात दोन दरबार, हद्दी गल्लीबोळांतून गेलेल्या. थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खाजगी कारभारी होता, हे तिथल्या माणसांना फारसं ठाऊक नव्हतं. ठाऊक होते ते कुमारजी. १९४८च्या आरंभी कुमार गंधर्व क्षयानं पोखरून देवासला आले. इथली कोरडी हवा मानवेल म्हणून. गायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. काही वर्षं ते अंथरुणावर होते आणि माळवी बायकांची गाणी कान देऊन ऐकत होते. पुढं त्यातून काय उमललं ते अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागलं, ते बरे झाले, पुन्हा गायले.

ही गोष्ट गावात नेहमी गायकाची म्हणून सांगितली जायची. आजी ती त्यांच्या बायकोची, भानुताईंची म्हणून सांगायची. स्वतः उत्तम गाणाऱ्या भानुमतीबाई शाळेत शिकवून घर चालवत होत्या आणि घरी येऊन क्षयाच्या रोग्याची शुश्रूषा करत होत्या. त्या काळी क्षय म्हटला की लोक रस्ता बदलायचे. "सगळे विचारायचे, कुमारजी कसे आहेत," आजी म्हणायची, "भानुताई, तू कशी आहेस, हे किती जणांनी विचारलं असेल?" १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर त्या गेल्या. शुश्रूषेच्या थकव्याशी त्याचा संबंध जोडायचा मला काही अधिकार नाही, आजीनंही तो जोडला नव्हता. तिचा प्रश्न तेवढा मी जपून ठेवला आहे.

सत्तरच्या दशकात देवासला बँक नोट प्रेस आली आणि काका तिथं यंत्रांवर लागला. नोटा छापणारं यंत्र ठरल्या दिवशी बंद करून उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं, मगच पुन्हा चालू; मध्येच कितीही मागणी असली तरी. जेवताना हे ऐकून आत्या एकदा फणकारली, "तुमच्या यंत्राचा जन्म चांगला बाई." योगायोग बघा, साधारण त्याच वेळी, १९७४ मध्ये, न्यू यॉर्कला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञानं मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची दशा बघून तिला 'बर्नआउट' म्हटलं. सगळ्यात जीव ओतून काम करणारेच आधी विझतात, हे त्याचं निरीक्षण होतं. आणि आपण स्वतःही त्यातलेच, हे त्यानं लपवलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली रोगांच्या यादीत त्याची नोंद घेतली ती आजार म्हणून नाही. कामाच्या जागी साठलेला आणि नीट न हाताळलेला ताण, अशी. म्हणजे दोष शोधायचा तर माणसाच्या आधी जागेत शोधा. आमच्याकडे अजून उलट चालतं. डॉक्टर, सिस्टर थकली की तिला प्राणायामाचं शिबिर.

माझी भाची आता एका मोठ्या इस्पितळात रेसिडेंट आहे. देवासची पोर, टेकडी पळत चढणारी. पहिल्या वर्षी घरी आली ती पोहे-जलेबीच्या ताटलीवरच झोपली. छत्तीस तासांची ड्युटी झाली होती. मी म्हटलं, नियम असेल की काहीतरी. ती म्हणाली, "मावशी, आहे ना! माझ्या जन्माआधीपासून आहे." १९९२च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तासांहून जास्त ड्युटी सहसा नको आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, असं लिहिलेलं आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यावर अहवाल दिला. त्यानं आठवड्याला जास्तीत जास्त चौऱ्याहत्तर तास आणि एक दिवस सुट्टी सुचवली. बत्तीस वर्षांत आकडा अठ्ठेचाळीसवरून चौऱ्याहत्तरवर गेला आणि तो सुधारणा म्हणून गेला, कारण प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त तास राबवून घेतात. त्याच अहवालाच्या पाहणीत पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के आणि पदव्युत्तरांपैकी १५.३ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं.

तिच्या सिनियरांचं म्हणणं, आम्हीही असंच केलं, आम्ही नाही मेलो. पणजीचाच युक्तिवाद हा, फक्त इंग्रजीत. आणि गंमत म्हणजे यातले बरेच जण आपापल्या खाजगी दवाखान्याला रविवारी कुलूप घालतात. रोगी कोण बघणार, हा प्रश्न खरा आहे. जागा भरल्या नाहीत तर तास कमी करून चालणार नाही, हेही खरं. पण मग भांडण रिकाम्या जागांशी हवं. ते झोपेशी घातलं जातं, कारण झोपेची युनियन नाही.

भाचीनं आणि तिच्या बरोबरच्या मुलींनी आपसात एक सोय केली आहे. रात्रपाळी करून आलेलीचा फोन दुसरीनं ठेवायचा. वॉर्डातून फोन आला तर तिनं उचलायचा आणि जमेल ते स्वतः निस्तरायचं. मेट्रनची किल्लीच ती, पण आता मुलींच्याच हातात. गेल्या पावसाळ्यात तिनं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. हक्काच्या रजेतले चार दिवस मागणारा अर्ज लिहिला, १९९२च्या योजनेचा हवाला देऊन, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'थकले आहे.'

खिडकीतल्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, हे कारण चालत नाही. आजारी आहात का?"

"नाही."

"घरी लग्न वगैरे?"

"नाही."

त्यानं पेन काढलं, तिनं लिहिलेलं खोडलं आणि वर स्वतःच्या अक्षरात 'घरगुती काम' लिहून अर्ज पुढं सरकवला. चारातले दोन दिवस मंजूर झाले.