ससा, श्वान आणि चांद्याचा परकोट

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजातून आजही मोटारी आणि रिक्षा जातात. हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंडकालीन शिल्प पाहायला मान वर करावी लागते, आणि त्या गर्दीत तेवढी सवड मिळत नाही.

या परकोटाची कथा इथले शाळकरी पोरही सांगेल. खांडक्या बल्लाळशाहाला कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा दिसला. तो राजाच्याच शिकारी कुत्र्यामागे लागला होता. राणीने हा शकुन मानला आणि ससा जिथून धावला त्या वाटेने तट बांधायला सांगितले. मेजर ल्युसी स्मिथ याने १८६९ च्या चांदा जमाबंदी अहवालात ही कथा नोंदवली. पुढचे बरेचसे लेखन त्याच्यावरच उभे आहे.

पण हाच ससा विजयनगरच्या स्थापनेत भेटतो, अहमदाबादच्याही. ही फिरती कथा आहे. कोणत्याही नव्या राजधानीला ती चिकटते. शिवाय तट काही एका राजाच्या हयातीत पुरा झालेला नाही. परंपराच सांगते की काम पुढच्या पिढ्यांत चालू राहिले.

चांद्याचे स्वतःचे जे आहे ते कथेच्या आरंभी, आणि तेच घाईने सांगितले जाते. राजाचे अंग गळवांनी भरलेले. शिकारीत तहान लागली, तेव्हा झरपटीच्या कोरड्या पात्रात एका भोकातून पाणी पाझरताना दिसले. तो प्याला, हातपाय धुतले, आणि त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी गळवे ओसरल्याचे राणीच्या ध्यानात आले. दोघे परत तिथे गेले, तर खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे, पाण्याने भरलेले. पुढे तिथेच अचलेश्वराचे देऊळ झाले.

म्हणजे आधी पाणी आणि देव, मग शहर. परकोटाचा पूर्वेकडचा दरवाजाही अचलेश्वराच्याच नावाचा. इरई आणि झरपट यांच्या बेचक्यात वस्ती का झाली याचे उत्तर सशापेक्षा हा झरा अधिक नीट देतो, असे मला वाटते. आणि दोन्ही प्रसंगांत खुणेचा अर्थ लावते ती राणीच. राजा फक्त घोड्यावर असतो.

देवळाला लागूनच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी वीरशाहाची. ती बांधली राणी हिराईने, १८ व्या शतकाच्या आरंभी. कथेतली राणी हिरातानी आणि ही हिराई यांची लोक सर्रास गल्लत करतात. दोघींमध्ये दोनशे वर्षांचे अंतर आहे, पण ही चूक सुधारायला माझी जीभ रेटत नाही. देवळापासून काही पावलांवर झरपट आहे. मी गेलो तेव्हा पाणी जलपर्णीखाली होते.