प्रतिनिधीचे संरक्षण, सभेचे स्वातंत्र्य

आंतरराष्ट्रीय संघटनांच्या कायद्याकडे येणारा विद्यार्थी बहुधा राजनैतिक कायदा शिकून आलेला असतो. तिथे पक्ष दोनच: दूत पाठवणारा देश आणि त्याला स्वीकारणारा देश. दूत नकोसा झाला तर त्याला परत पाठवता येते, आणि आपलेही दूत तिकडे आहेत या जाणिवेने दोन्ही देश मर्यादा पाळतात. संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी मात्र अमेरिकेकडे पाठवलेला नसतो. तो न्यूयॉर्कमध्ये राहतो, पण त्याची नेमणूक संघटनेकडे असते. ज्या सरकारवर त्याला महासभेत टीका करायची असते, त्याच सरकारच्या व्हिसावर आणि पोलिसांवर त्याचे येणे-जाणे अवलंबून असते. आपला विषय या तिहेरी नात्याचा आहे.

राष्ट्रसंघाच्या 1919 च्या करारनाम्याने सदस्य देशांच्या प्रतिनिधींना सरसकट राजनैतिक विशेषाधिकार दिले होते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने 1945 मध्ये कसोटी बदलली. कलम 105 नुसार, काम स्वतंत्रपणे करण्यास जेवढे आवश्यक तेवढेच संरक्षण. 13 फेब्रुवारी 1946 च्या कराराने तिचा तपशील ठरवला. कामावर असताना आणि सभेला येता-जाता प्रतिनिधीला अटक करता येत नाही, त्याच्या कागदपत्रांना हात लावता येत नाही. प्रतिनिधी म्हणून तो जे बोलला वा त्याने जे लिहिले, त्याबद्दल पद सुटल्यावरही खटला चालत नाही. भारताने 1947 मध्येच यासाठी स्वतंत्र अधिनियम केला.

या कराराचे चौदावे कलम हा मला विषयाचा गाभा वाटतो. संरक्षण व्यक्तीच्या लाभासाठी नाही, असे ते सांगते. म्हणूनच उन्मुक्ती (खटल्यापासूनचे हे संरक्षण) न्यायाच्या आड येत असेल आणि कामाला बाधा न आणता ती सोडता येत असेल, तर सोडणे हे पाठवणाऱ्या देशाचे कर्तव्य ठरते. ते त्याने पाळले नाही तर पीडिताने, उदाहरणार्थ प्रतिनिधीच्या घरी राबणाऱ्या कामगाराने, दाद कुठे मागावी, हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

यजमान देशाची, म्हणजे अमेरिकेची, कसोटी 1988 मध्ये लागली. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे न्यूयॉर्कमधील निरीक्षक कार्यालय बंद करू पाहणारा कायदा अमेरिकेने केला होता. संयुक्त राष्ट्रे आणि अमेरिका यांच्यातील मुख्यालय करारानुसार हा वाद लवादाकडे नेण्यास अमेरिका बांधील आहे, असे सल्लागार मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एप्रिलमध्ये दिले. वर्षअखेरीस त्या संघटनेचे नेते यासर अराफात यांना व्हिसा नाकारला गेला, तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी महासभा जिनिव्हात भरली.

नव्या अभ्यासकांनी करारांची मूळ कलमे आधी वाचावीत. ती मोजकी आहेत आणि कायद्याचे प्राथमिक ज्ञान असलेल्या कोणालाही समजतील. प्रत्येक कलमापाशी दोन प्रश्न विचारावेत: यामुळे कोणते काम निर्भयपणे होते, आणि याची किंमत कोण मोजतो? लहान देशाच्या प्रतिनिधीला बलाढ्य यजमानासमोर मोकळेपणाने बोलता यावे, आणि त्याच्या घरी राबणाऱ्या कामगारालाही न्याय मिळावा. दोन्हींची सांगड घालणारे नियम अजून पुरते घडलेले नाहीत. ते घडवण्याच्या कामात तुमचे मनःपूर्वक स्वागत.