शिकलेल्या वर्षाची पत

दहावीचा निकाल लागला की निगडी-आकुर्डीपासून भोसरी-चाकणपर्यंत घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. वहीच्या मागच्या पानावर दोन बेरजा मांडल्या जातात. दहा अधिक दोन अधिक चार, आणि दहा अधिक तीन अधिक तीन. दोन्हींचं उत्तर सोळाच. पहिल्या वाटेनं गेलेलं मूल अकरावी-बारावी करतं, प्रवेशपरीक्षा देतं आणि चार वर्षांनी इंजिनिअर होतं. दुसऱ्या वाटेचं मूल दहावीनंतर पॉलिटेक्निकला जातं, तीन वर्षांचा डिप्लोमा करतं आणि अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन बसतं.

थेट दुसऱ्या वर्षाला! मग पहिलं वर्ष गेलं कुठे? ते त्यानं आधीच करून टाकलेलं असतं. बरोबरीची मुलं बारावीच्या क्लासला धावत होती, त्या वयात हा लेथवर उभा होता, ड्रॉइंगच्या बोर्डावर वाकला होता. महाविद्यालयानं ते शिक्षण मान्य केलं आणि एक वर्ष त्याच्या खात्यावर जमा केलं.

शाळेच्या वयात महाविद्यालयाचा अभ्यास करायचा आणि पुढे तो पुन्हा करावा लागू नये, ही कल्पना अमेरिकेत फार रुजली आहे. १९५२ साली तिथल्या तीन नामवंत खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठं यांनी मिळून एक अहवाल काढला. हुशार मुलं शाळेत शिकलेलंच महाविद्यालयात पुन्हा शिकत बसतात, अशी त्यातली तक्रार होती. त्यातून ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ची परीक्षा आली आणि १९५५ पासून कॉलेज बोर्ड या संस्थेनं ती आपल्याकडे घेतली. शाळकरी मुलगा मे महिन्यात ही परीक्षा देतो आणि गुण चांगले पडले तर अनेक महाविद्यालयं त्याला तेवढ्या अभ्यासाची सूट देतात. तिथं ही वाट सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी निघाली, मग हळूहळू साध्या शाळांपर्यंत पोचली. आपल्या औद्योगिक पट्ट्यात उलटं झालं. इथं ती वाट कामगारांच्या मुलांनी मळवली आणि तिला कोणी मोठं नाव दिलं नाही.

शाळा आणि महाविद्यालय यांच्यामधली भिंत आपल्याकडे कायम एका जागी कधीच नव्हती. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक झाली. ही परीक्षा शाळेची शेवटची आणि विद्यापीठाची पहिली, अशी दोन्ही होती. मुलगा बसलेला शाळेच्या बाकावर, पण त्याचा पेपर तपासणार विद्यापीठ. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले, आणि १८६२ साली पहिल्या पदवीधरांतही तेच. पुढे स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक गेली, मंडळाची एसएससी आली. शाळेच्या टोकाशी असलेला विद्यापीठाचा हात सुटला.

त्यानंतरची मोठी उलथापालथ आपल्यापैकी अनेकांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. जुन्या पद्धतीत शाळा अकरावीपर्यंत असायची आणि बारावं वर्ष महाविद्यालयाचं. कोठारी आयोगानं १९६६ साली अहवाल दिला, १९६८ साली राष्ट्रीय धोरण आलं आणि महाराष्ट्रानं दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध घेतला. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. शाळेतलं अकरावं वर्ष बाहेर पडलं, महाविद्यालयातलं बारावं वर्ष खाली उतरलं आणि दोघांचं मिळून ‘कनिष्ठ महाविद्यालय’ झालं.

गंमत बघा. आपल्याकडचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ऐटीत सांगतो, ‘मी कॉलेजला जातो.’ इमारत बहुतेक वेळा कॉलेजचीच, कँटीन कॉलेजचं, गणवेशातून सुटका झालेली. पण अभ्यासक्रम मंडळाचा, परीक्षा मंडळाची. दोन वर्षं कॉलेजात काढूनही पदवीच्या हिशेबात त्याची जमा शून्य! आणि जो पॉलिटेक्निकला गेला, त्याला शेजारपाजारचे म्हणत, ‘कॉलेजला नाही गेला वाटतं? मार्क कमी पडले असतील.’ प्रत्यक्षात पदवीचं एक अख्खं वर्ष त्याच्याच गाठीशी असायचं.

ही वाट पिंपरी-चिंचवडमध्येच का रुजली, हे समजायला या गावांचा इतिहास पाहायला हवा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं आणि शेतांमधून सरळ रस्ते आखले गेले. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांनी इथं गाड्या काढण्याआधी माणसं घडवायला घेतली. प्रशिक्षण केंद्र साठच्या दशकातच सुरू झालं, आणि पिंपरीच्या कारखान्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते १९७७ साली. मधल्या काळात मावळ, खेड, जुन्नरची आणि दूर मराठवाड्याचीही पोरं इथं कानस धरायला शिकली. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा त्यांच्या पाठीशी होता.

आयटीआयमध्ये फिटरच्या मुलाला पहिल्यांदा लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा देतात. त्याला म्हणतात ‘जॉब’. तो कानसनं घासून चारही बाजू काटकोनात आणायच्या. हाताला फोड येतात, गुण्याला उजेड दिसत राहतो, पुन्हा घासायचं. भूमितीतला काटकोन आम्ही वहीत काढला, त्यानं तो लोखंडात काढला. मी स्वतः कलाशाखेचा बीए. शब्द घासून नीट बसवणं माझ्या वाट्याला आलं. त्यामुळे त्या पोराच्या घासण्याला शिक्षण म्हणायला मला कधी अडचण वाटली नाही. व्यवस्थेला मात्र फार काळ वाटली.

दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय केलेल्या मुलाला बारावी पास म्हणायला आपण कितीतरी वर्षं तयार नव्हतो. वर्षं तीच, वय तेच, परीक्षा सरकारचीच. पण बँकेच्या, पोलिसांच्या, कुठल्याही अर्जातल्या ‘बारावी’ या रकान्यात तो फुली मारायचा. पुढे महाराष्ट्रानं मार्ग काढला. आयटीआयच्या दोन वर्षांना मंडळाच्या भाषाविषयांची जोड दिली की बारावीची समकक्षता. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दारही आयटीआयच्या मुलांना उघडं असतं. तिथून पुन्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दहा अधिक दोन अधिक दोन अधिक तीन, बेरीज सतरा. म्हणजे त्याला एक वर्ष जास्त लागतं. ज्याच्या घरी ते वर्ष परवडण्यासारखं नसतं, नेमका त्यालाच!

वर्ष म्हणजे काय, हे कामगारवस्तीत कुणालाही विचारा. वर्ष म्हणजे फी. वर्ष म्हणजे न आलेला पगार. वर्ष म्हणजे बहिणीचं पुढे ढकललेलं लग्न, गावाकडच्या विहिरीचं अर्धवट राहिलेलं काम. वर्ष वाया जाणं आणि वर्ष वाचणं, हे शब्द आपण परीक्षेच्या संदर्भात इतक्या सहज वापरतो, पण त्यांचं वजन प्रत्येक घरात सारखं नसतं.

ज्यांना थेट दुसऱ्या वर्षाचं दार मिळालं नाही, त्यांनी खिडकी शोधली. तिचं नाव एएमआयई. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ही परीक्षा महाविद्यालयात न जाता देता यायची आणि पदवीच्या बरोबरीची मानली जायची. २०१३ च्या मे अखेरपर्यंत नाव नोंदवलेल्यांना ती मान्यता राहिली. आमच्या भागात फर्स्ट शिफ्ट करून आलेले डिप्लोमावाले शेजारी मी पाहिले आहेत. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत खाकी कव्हराचं जाड पुस्तक, बाजूला थंड झालेला चहा. कुणी विचारलं, ‘काय चाचा, या वयात अभ्यास?’ तर ते हसून म्हणत, ‘अरे, सेक्शन बी राहिलाय फक्त.’ काहींचा तो सेक्शन बी निवृत्तीपर्यंत राहिला. काहींचा सुटला आणि केबिनच्या दारावरची पाटी बदलली.

थेट दुसऱ्या वर्षाचं दारसुद्धा काही सताड उघडं नाही. जागा ठरावीक, त्याशिवाय पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, मूल वर्गात पोचतं तेव्हा शिकवणं कितीतरी पुढे गेलेलं असतं. पुढ्यात उभं असतं गणित. पुणे विद्यापीठाच्या मुलांना नुसतं ‘एम-थ्री’ म्हणा, चेहरे बघा! बारावी करून आलेल्यांनी कलनशास्त्राची दोन वर्षं घोकंपट्टी केलेली असते, डिप्लोमावाल्याचा हात तिथं अडखळतो. उलट वर्कशॉपमध्ये तोच बाकीच्यांना व्हर्निअर कसा वाचायचा ते दाखवतो. कोण मागे आणि कोण पुढे, हे कुठल्या तासाला मोजता यावर ठरतं.

हाताच्या शिक्षणाला गुण द्यावेत की नाहीत, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. हस्तव्यवसायातूनच सगळं शिक्षण, हा त्याचा गाभा. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ प्रत्यक्षात आणलं आणि हजारो गरिबांची पोरं शिकली. मात्र तिथंही कष्टातून फी भागायची, पदवीचे गुण वर्गातल्या अभ्यासावरच मिळायचे. श्रमानं शिक्षणाचा खर्च उचलला, पण श्रमाला शिक्षण म्हणून मोजणं राहूनच गेलं.

ते मोजण्याची भाषा आता आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा. या आराखड्यानं शाळा, महाविद्यालय आणि व्यवसायशिक्षण यांना एकच माप लावलं. तीस तासांचं शिक्षण म्हणजे एक श्रेयांक, वर्षाचे बाराशे तास म्हणजे चाळीस. कागदावर तरी कानस घासण्याचा तास आणि गणिताचा तास एका तागडीत आले.

सरकारी मराठीत क्रेडिटला ‘श्रेयांक’ म्हणतात. शब्द चांगला आहे. पण या पट्ट्यातल्या माणसाच्या तोंडी क्रेडिटला त्याहून जुना शब्द आहे, ‘पत’. इथल्या कितीतरी कारखान्यांत कामगारांची पतपेढी असते. पत म्हणजे उधारी मिळण्याची लायकी, आणि पत म्हणजे चारचौघांतली किंमतही. शिकलेल्या तासांची पतपेढी निघाली, ही गोष्ट आनंदाची आहे. पण पतपेढीत जमा असलेलं गरजेच्या वेळी हातात पडायला हवं. हुंडी लिहून देणं सोपं, ती पलीकडच्या पेढीवर वटते का, यावर तिची किंमत. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जमा केलेले श्रेयांक एखाद्या महाविद्यालयानं ‘आमच्या अभ्यासक्रमात बसत नाहीत’ म्हणून परत केले, तर ते पोरगं पुन्हा पहिल्या पायरीवर उभं.

दुसरा धोका चाकणकडून येतो. तिथं आता मोटारींचे देशी-विदेशी मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने आहेत. त्यांना हात हवेत. ‘शिका आणि कमवा’ या नावाखाली दहावी-बारावीची मुलं पाळीवर येतात. २०१३ साली तंत्रशिक्षण परिषदेनं ‘नीम’ नावाची योजना आणली होती. तिच्यातली मुलं कायद्यानं कामगार नव्हती, प्रशिक्षणार्थी होती. म्हणून त्यांना विद्यावेतन मिळे, भविष्यनिर्वाह निधी नाही. शिकणं किती आणि उत्पादन किती, अशी ओरड झाली आणि योजना पुढे गुंडाळली गेली. एकच बोल्ट आठ तास आवळणाऱ्या मुलाच्या खात्यावर तास जमा होतील, पण शिक्षण जमा होईल का? काम मोजताना कामातून काय शिकला तेही मोजावं लागेल. त्यासाठी यंत्राशेजारी शिकवणारा माणूस उभा हवा.

साठच्या दशकात पिंपरीनं ते करून दाखवलं होतं. आधी शिकवणारे आले, कानस आली, काटकोन आला; मग गाडी आली. ते शिकवणारे आणि त्यांच्याकडून शिकलेले आता निवृत्त होऊन चिंचवडच्या, निगडीच्या बागांमध्ये सकाळी फिरताना दिसतात. त्यांना आजही धातूवर बोट फिरवून कुठे उंचवटा आहे ते कळतं. त्यांच्या नातवंडांपुढे यंदा पुन्हा त्या दोन बेरजा आहेत. नातवंडांनी कुठलीही बेरीज निवडावी. उत्तर सोळा येवो की सतरा, जे वर्ष त्यांनी मन लावून शिकण्यात घालवलं, ते पुन्हा मागितलं जाऊ नये, एवढी हमी त्यांना द्यायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)