शस्त्राचा परवाना: भरवसा कुणावर?

नोव्हेंबर १८५७. मुधोळच्या घोरपडे संस्थानातल्या हलगली या गावाने हत्यारे सरकारात जमा करायला नकार दिला. गाव बेडरांचे. शिकार आणि शिपाईगिरीवर जगणाऱ्या या लोकांसाठी तलवार आणि बंदूक म्हणजे पोटापाण्याचे साधन होते, तसेच घराण्याची अब्रूही. उत्तरेत उठाव पेटलेला असताना दक्षिणेतली हत्यारबंद गावे इंग्रजांना धोक्याची वाटू लागली होती. फौज चालून आली, गाव जाळले गेले आणि १९ जणांना फाशी झाली. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या हलगलीची ही हकीगत कन्नड लोकगीतांनी जपून ठेवली आहे.

हत्यारे जमा करायला लावणाऱ्या ज्या कायद्यापायी हे घडले, तो त्याच साली आणीबाणीचा उपाय म्हणून आणला गेला होता. पण राज्यकर्त्यांची धास्ती उठावाबरोबर संपली नाही. १८६० मध्ये नवा कायदा आला आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत ‘इंडियन आर्म्स अ‍ॅक्ट’ने या बंदोबस्ताला कायमचे रूप दिले. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. लेखणी आणि तलवार या दोन्हींवर एकाच वर्षी पहारा बसला.

१८७८ च्या कायद्याचा पसारा मोठा होता. बंदूक, पिस्तूल, संगीन यांच्या जोडीला तलवार, खंजीर, भाला, इतकेच काय धनुष्यबाणही ‘शस्त्र’ ठरले. बंदूक बाळगायला परवाना आणि हत्यार घेऊन बाहेर पडायलाही परवाना. जंगलात जनावराशी गाठ पडणाऱ्याला किंवा रात्री पिकाची राखण करणाऱ्याला हा नियम रोज जाचत होता. मात्र खरी बोच वेगळीच होती. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना नियमांनी या जाचातून मोकळे ठेवले होते. ज्याच्या बापजाद्यांनी किल्ले राखले त्याने कचेरीत अर्ज करायचा आणि कालपरवा बोटीतून उतरलेल्या गोऱ्याने खुशाल बंदूक खांद्यावर टाकून फिरायचे, हा भेद सुशिक्षितांच्याही जिव्हारी लागला.

वृत्तपत्रांवरचा कायदा व्हाइसरॉय रिपनच्या काळात, १८८२ मध्ये, रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र जागचा हलला नाही. १८८७ च्या डिसेंबरात बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने त्यात सुधारणा मागणारा ठराव केला. ठरावाचा सूर बंडाचा नव्हता. लोक राजनिष्ठ आहेत, त्यांच्यावर नाहक कलंक का, असा तो सवाल होता. त्या काळी मवाळांनाही हा अपमान गिळवत नव्हता, हे यातून दिसते. युरोपीयांची सरसकट सूट काढून घेतली गेली ती पहिल्या महायुद्धानंतर.

अहिंसेच्या पुजाऱ्यानेही हा प्रश्न सोडला नाही. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी काढलेल्या पत्रकात, सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांत गणला होता. मिठाच्या सत्याग्रहाआधी, जानेवारी १९३० मध्ये त्यांनी ११ मागण्या मांडल्या. दारूबंदी, शेतसाऱ्यात कपात, मिठावरचा कर रद्द करणे यांच्या रांगेत एक मागणी स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याची होती आणि त्यावर लोकांचे नियंत्रण असावे अशी अटही होती. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नोंदवला.

म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामथ उठले, तेव्हा ते काँग्रेसच्याच जुन्या शब्दाची आठवण करून देत होते. शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला, अशी त्यांची दुरुस्ती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा: शांतता-सुव्यवस्थेची काळजी हे इंग्रजांनी शस्त्रे नाकारण्याचे खरे कारण नव्हते. गुलाम प्रजेने परक्या सत्तेवर उलटू नये म्हणून ती नाकारली गेली. ती परिस्थिती आता उरलेली नाही. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घ्यावे, अशी मोकळीक दिली तर राज्य चालवणेच अशक्य होईल. राज्य संकटात असताना शस्त्र उचलणे हे नागरिकाचे कर्तव्य असावे, हक्क नव्हे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाने एकत्र जमण्याचा हक्क दिला तो ‘शांततेने व विनाशस्त्र’. शिखांचे कृपाण मात्र धर्माचरणाचा भाग म्हणून मान्य झाले.

लिटनचा कायदा स्वतंत्र भारतातही तब्बल १५ वर्षे चालू राहिला. १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. परवान्याची चौकट त्याने ठेवली, पण आतला मजकूर बदलला. बंदुकीखेरीज इतर शस्त्रांना परवाना लागणार तो केंद्र सरकारने अधिसूचना काढली तरच. घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी नसलेली, ९ इंचांपेक्षा लांब अथवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात बसते. पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याची कायद्याने वेगळी दखल घेतली. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असेही त्यात लिहिले गेले. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

एक जुनी सवलत मात्र टिकून आहे. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना परवान्यातून सूट मिळते ती इंग्रजांच्या काळापासून. कैल पोळदू या सणाला तिथे घरोघरी बंदुकीची पूजा होते. २०१९ मध्ये केंद्राने ही सूट आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. तिला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळले.

महाराष्ट्रात हा विषय सगळ्यांत जवळून जाणवतो तो कोकणात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ‘शेती संरक्षण बंदूक परवाना’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. रानडुकरे आणि माकडे बागायतीत शिरतात, तेव्हा शेतकऱ्याला आधार त्या जुन्या बंदुकीचाच. निवडणूक आली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि पीक उभे असताना बंदूक ठाण्यात, ही तक्रारही दर वेळी उठते. शहरांत याच सत्तेचे दुसरे रूप दिसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी लागू झाली की तलवार-भाल्यांबरोबर लाठीकाठी घेऊन फिरणेही गुन्हा ठरतो.

भरवसा कुणावर ठेवायचा, हे १८७८ मध्ये माणसाच्या वंशावरून ठरत होते. आज ते जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या टेबलावर ठरते आणि पोलिसांचा अहवाल तिथे महत्त्वाचा असतो. परवाना नाकारल्यास अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात. लोकहितासाठी गुप्त ठेवणे भाग नसेल, तर ती अर्जदाराला द्यावीही लागतात. जिल्हाधिकाऱ्याच्या नकाराविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. हलगलीच्या बेडरांसमोर हुकूम मानणे किंवा मरणे एवढेच पर्याय होते. त्या मानाने लेखी कारण आणि अपील ही कमाई लहान नाही. कोकणातल्या शेतकऱ्याला बागेवर डुकरे येण्याआधी या कमाईचा उपयोग व्हावा, यासाठी अर्ज वेळेत निकाली निघणे हे काम अजून प्रशासनाकडे बाकी आहे.