तळटीप : ‘डिस्प्ले’ या चलाविषयी

ग्रंथकाराने येथे वाचकाच्या मेजावरील यंत्रासच ‘सर्व्हर’ म्हटले आहे, तो प्रमाद नव्हे. १९८४ साली मॅसॅच्युसेट्समधील एम.आय.टी. संस्थेत जन्मलेल्या एक्स विंडो पद्धतीत पडदा, कळफलक व माउस ज्याच्या ताब्यात, तोच सर्व्हर. आणि दूरच्या युनिक्स यंत्रावर मोजमापांचे आकडे गोळा करून त्यांचा आलेख काढू पाहणारी आज्ञावली ही केवळ अर्जदार. तो आलेख कोणत्या पडद्यावर रुजू करावयाचा, हे तिला ‘डिस्प्ले’ या चलातून कळते : यंत्राचे नाव, त्यापुढे अपूर्णविराम, मग शून्य. ‘एक्सहोस्ट’ या आज्ञेपुढे नुसते अधिक चिन्ह देऊन सरसकट मुभा देण्याची ग्रंथकाराची शिफारस मात्र आम्हांस मान्य नाही; त्या मुभेने पडद्याबरोबर कळफलकावरील अक्षर न् अक्षर परक्यांस खुले होते.