लेरोइका
लेरोइका : इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना शहराभोवतीच्या डोंगराळ शेतीप्रदेशातून जाणारा 209 किमी. लांबीचा वर्तुळाकार सायकलमार्ग, आणि त्या मार्गावर दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी निघणारी जुन्या सायकलींची फेरी. गायोले इन कियांती या छोट्या गावातून निघून मार्ग तिथेच परत येतो. त्याचा सुमारे निम्मा भाग डांबराविना, पांढऱ्या खडीचा आहे. एकूण चढाई सुमारे 3,700 मी. भरते, समुद्रसपाटीपासून कळसूबाईचे शिखर दोनदा चढले तरी एवढी होत नाही. मात्र आल्प्समधल्यासारखा एकही लांबलचक घाट वाटेत लागत नाही. टेकाडामागून टेकाड येते, चढ संपला की उतार, उतार संपताच पुन्हा चढ, आणि दम खायला सपाटी जवळजवळ नाहीच. पायांची खरी परीक्षा या सततच्या चढउतारांत होते.

या वळशाचे मर्म त्याच्या रस्त्यांत आहे, आणि रस्त्यांचे मर्म शेतीत. टस्कनीत अनेक शतके मेद्झाद्रिया नावाची अर्धेलीची पद्धत चालत आली होती. जमीन आणि घर मालकाचे, राबणारे कुटुंब कुळाचे, पीक निम्मेनिम्मे. कुळाचे कुटुंब गावात न राहता वाट्याला आलेल्या जमिनीवरच राही. त्यामुळे जवळपास प्रत्येक टेकाडावर एक दगडी शेतघर उभे राहिले आणि प्रत्येक घरापर्यंत बैलगाडी जाईल एवढा रस्ता करावा लागला. स्थानिक चुनखडकाची खडी पसरून केलेले हे रस्ते उन्हात पांढरे दिसतात. ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, हेच त्यांचे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरांकडे निघून गेली. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. घरे ओस पडली, वर्दळ आटली, आणि म्हणूनच यातल्या कित्येक रस्त्यांवर डांबर पोचले नाही. गरिबीने आणि स्थलांतराने मागे ठेवलेला हा वारसा आहे. आज तिथले देखणे निसर्गदृश्य पाहताना त्यावर राबलेल्या कुळांचा विसर पडू नये.

उरलेल्या रस्त्यांवरही हळूहळू डांबर चढू लागले, तेव्हा ते वाचवण्यासाठी जानकार्लो ब्रोच्ची यांनी 1997 मध्ये ही फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी 92 सायकलपटू आले. आता जगभरातून हजारो येतात. जीनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी या सायकलपटूंच्या ऐन उमेदीच्या काळात शर्यतींचे कितीतरी मोठे घाटही कच्चेच होते. त्या काळातली सायकलस्वारी कशी होती, हे ऐकण्यापेक्षा अंगाने अनुभवावे, अशी ब्रोच्ची यांची कल्पना होती. रस्ता लोकांच्या आवडीचा झाला की त्यावर डांबर घालणे अवघड होते, हा त्यामागचा हिशेब अचूक ठरला.

लांब पल्ल्याचे स्वार पहाटे अंधारातच निघतात. दिवा सक्तीचा असतो. पहिला मोठा चढ ब्रोलियोच्या किल्ल्याकडे नेतो. हा किल्ला रिकासोली घराण्याचा. इटलीचे पंतप्रधान राहिलेले बेत्तीनो रिकासोली यांनी एकोणिसाव्या शतकात कियांती वाइनसाठी द्राक्षांच्या जातींचे मिश्रण ठरवले ते इथेच. सांजोव्हेसे या काळ्या द्राक्षाचे मळे आणि ऑलिव्हच्या बागा इथे उतारांवर पसरल्या आहेत. फेरीच्या दिवसांत द्राक्षांचा तोडा चालू असतो किंवा नुकताच आटोपलेला असतो. मार्ग पुढे सिएनाला स्पर्श करून दक्षिणेला मुर्लोकडे वळतो आणि मोंताल्चिनोच्या टेकडीवर चढतो. ब्रुनेल्लो वाइनचे हे गाव 564 मी. उंचीवर आहे, आणि तिथवरचा खडीचा चढ दिवसातल्या सर्वांत लांब चढांपैकी एक.

बुओनकोन्व्हेन्तो मागे पडले की आशानोच्या परिसरात भूमी पालटते. इथून क्रेते सेनेसी हा राखाडी चिकणमातीचा प्रदेश लागतो. ही माती प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली. झाडे विरळ, सावली जवळजवळ नाही, आणि ऑक्टोबरात गव्हाची शेते नांगरून पडलेली असल्याने क्षितिजापर्यंत नुसती ढेकळे. कोरड्या हवेत धूळ नाकातोंडात जाते, पाऊस झाला तर चिखल चाकांना धरून बसतो. मोन्ते सान्ते मारिये हा 11.5 किमी.चा खडीचा टप्पा याच भागात आहे. निम्म्याहून जास्त अंतर तोडून थकलेल्या स्वाराला तिथे आखूड पण अत्यंत तीव्र चढ लागतात. अनेकांना उतरून सायकल ढकलावी लागते. जाणकारांच्या मते फेरीचा निकाल याच टप्प्यावर लागतो, आणि नकाशा पाहिला तरी ते पटते. त्यानंतरही कास्तेलनुओव्हो बेरार्देंगा, व्हाल्याल्यी आणि राद्दा ही गावे ओलांडायची असतात, म्हणजे पुन्हा कियांतीचे डोंगर. पुणे-मुंबईकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणाऱ्यांना 200 किमी.साठी साडेतेरा तास मिळतात. इथे तेवढ्यात परतणारा स्वार चांगल्या तयारीचाच म्हणावा लागेल. ज्यांना एवढे झेपणार नाही त्यांच्यासाठी आखूड मार्ग आहेत.

सायकल 1987 पूर्वीची किंवा त्या धाटणीची असावी लागते. गिअरच्या खिट्ट्या फ्रेमच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून मोकळ्या, पेडलला पट्ट्याच्या टो-क्लिप. कपडेही शक्यतो लोकरी. ही हौस वाटली तरी रस्त्यावर तिचा अर्थ कळतो. जुन्या सायकलींना पुरेसे हलके गिअर नसतात, त्यामुळे तीव्र चढ उभे राहून, सगळा भार पेडलवर टाकून काढावे लागतात, आणि मागचे चाक खडीत घसरू नये म्हणून तोल सांभाळावा लागतो. उतारावर जुने ब्रेक हाताला रग लावतात. फेरीत क्रमांक नसतो. वाटेतल्या ठाण्यांवर वहीत शिक्के घ्यायचे. त्या ठाण्यांवर पाव, घेवडा आणि भाज्यांची रिबोल्लिता ही घट्ट आमटी, ऑलिव्ह तेल लावलेला पाव, वाइन आणि साखर शिंपडलेला पाव असे शेतकऱ्यांचे खाणे मिळते.

या फेरीतूनच व्यावसायिक शर्यत जन्मली. 2007 च्या ऑक्टोबरात झालेली पहिली शर्यत रशियाच्या अलेक्सांद्र कोलोब्नेव्हने जिंकली. पुढच्या वर्षीपासून ती मार्चमध्ये होऊ लागली आणि स्त्रादे बियांके याच नावाने प्रसिद्ध झाली. सिएनातल्या सांता कातेरीना गल्लीचा सुमारे 16 टक्क्यांचा चढ काढून ती पियाझ्झा देल काम्पो या चौकात संपते. फाबियान कान्चेलारा (2008, 2012, 2016) आणि तादेय पोगाचार (2022, 2024, 2025) यांनी 2025 पर्यंत ती प्रत्येकी तीनदा जिंकली. महिलांची शर्यत 2015 पासून भरते. 2010 च्या जिरो द’इटालिया या अनेक टप्प्यांच्या शर्यतीचा मोंताल्चिनोचा टप्पाही याच रस्त्यांवर मुसळधार पावसात झाला. चिखलाने अंगावरची जर्सी ओळखू न येण्याच्या अवस्थेत कॅडेल एव्हान्सने तो जिंकला.

ब्रिटन, जपान, स्पेन, अमेरिका आदी देशांतही अशा फेऱ्या निघाल्या. मूळ वळशावर आता कायमच्या दिशादर्शक पाट्या आहेत, त्यामुळे तो वर्षभर कोणालाही, आधुनिक सायकलनेही करता येतो. दोन-तीन दिवसांत विभागून करणे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये क्रेतेतले ऊन टाळावे, आणि गावागावांतल्या सार्वजनिक नळांवर बाटल्या भरून घ्याव्यात, कारण दोन गावांमध्ये पाणी मिळेलच असे नाही.