मडक्यातला नाग, एल्फिन्स्टनचं तिकीट

बोरिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये दाराशेजारच्या कोपऱ्यात एक मडकं ठेवलेलं असायचं. तोंडावर दुहेरी फडकं, फडक्यावर काथ्याचे चार वेढे. मडक्याला गुडघा टेकून आमच्या शेजारचे काका उकिडवे बसायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "दही आहे, लग्नघरचं." विचारणारा दोन इंच सरकून बसायचा, दह्याला धक्का नको म्हणून. आत नाग असायचा. कधी घोणस. घोणस असली की काका "दही" हा शब्द जरा मोठ्याने बोलायचे, कारण ती प्रेशर कुकरसारखी फुसफुसते आणि ते फुसफुसणं लोकलच्या खडखडाटातही ऐकू येतं.

गोराईहून परळ म्हणजे तेव्हा निम्म्या दिवसाचा प्रवास. आधी तरीतून खाडी ओलांडायची, मग चिखल तुडवत रस्ता, मग बोरिवली स्टेशन, तिथून स्लो गाडीने एल्फिन्स्टन रोड, जे आता प्रभादेवी झालंय. पूल उतरून गिरण्यांच्या भिंतींच्या कडेने, केईएम रुग्णालयाच्या बाजूने हाफकिन संस्था. काकांना वाचता येत नव्हतं, पण "हापकिन" हा शब्द ते आम्हा शाळकरी पोरांपेक्षा आधी शिकले होते. तिथे सापाचे पैसे मिळत.

माझा मामा परळच्या एका गिरणीत होता, म्हणून एकदा मीही काकांबरोबर गेलो. वय असेल दहा-अकरा. जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. एका माणसाने आकडीच्या काठीने नागाचं डोकं टेबलावर दाबलं, मग अंगठा आणि दोन बोटं जबड्याच्या मागे. दुसऱ्याच्या हातात काचेचं भांडं, तोंडावर पातळ पापुद्रा ताणून बांधलेला. नागाने तो चावला. काचेच्या आतल्या अंगाने पिवळसर, मधापेक्षा पातळ असं काहीतरी ओघळलं. इतकंच. मला वाटलं होतं वाटीभर निघेल. काका कानाशी म्हणाले, "गायीचं दूध नाय ते, पोरा."

हिशेब मला पुढे कळला. एका दंशात नागाचं सुकं विष सरासरी ६० मिलिग्रॅम निघतं, घोणसीचं ६३, मण्यारीचं २० आणि फुरशाचं अवघं १३. म्हणजे एक ग्रॅम फुरशाचं विष हवं तर सत्त्याहत्तर फुरसी धरा, नाहीतर मोजकीच पुन्हापुन्हा धरा. वाळवलं की नागाचं विष पिवळे खडे होतं. ते मोजून, अगदी कणाएवढं, घोड्याला टोचतात. पुढच्या खेपेला थोडं जास्त, मग आणखी थोडं. काही महिन्यांनी घोड्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो. ते रक्त काढायचं, त्यातलं पाणी वेगळं करायचं, शुद्ध करायचं. लोक त्याला "सापाची लस" म्हणतात. ती लस नव्हे, उसना घेतलेला उतारा आहे. आणि त्या दहा मिलिलिटरच्या एका कुपीत नागाचं सहाच मिलिग्रॅम विष मारण्याची ताकद असते. पूर्ण दंश साठाचा. आता डॉक्टर एका रुग्णाला आठ-दहा कुप्या का लावतात, ते कळेल.

हे सगळं परळमध्ये कसं आलं? हाफकिनच्या वास्तूचा इतिहास आमच्या गोराईच्या इतिहासाशी थोडा जुळतो. आमच्या साष्टीसारखं तेही पोर्तुगीज पाद्र्यांचं ठाणं होतं. इंग्रजांनी ते घेऊन गव्हर्नरचं घर केलं. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी त्याच घरात कॉलऱ्याने गेली आणि गव्हर्नर मलबार पॉइंटला गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा या रिकाम्या राजवाड्यात आली. ज्या घरातून साथीच्या भीतीने साहेब पळाला, त्या घरात साथीवर काम करणारी माणसं राहायला आली. १९२५ मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. साप नंतरचे. विषाविरुद्धचा उतारा घोड्यात तयार करण्याची युक्ती आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरची, तीही त्या प्लेगच्याच दशकातली. आपल्याकडे आधी कसौलीला काम झालं, मग परळला.

या जागेला कुणी सापांचं पैदास केंद्र म्हणतं तेव्हा मी थांबवतो. पैदास तिथे फारशी नव्हतीच. पकडलेला साप पिंजऱ्यात बहुधा खातच नाही. आठवड्यामागून आठवडे तोंड फिरवून बसतो, मग वाळतो, मग मरतो. विषही घटत जातं. हाफकिनचे पी. जे. देवरस यांनी सर्पालयातल्या सापांच्या विषाच्या नोंदींवर १९६३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं भारतातल्या सापांवरचं पुस्तक काढलं. असल्या नोंदी ठेवाव्या लागतात, यातच सगळं आलं. ते गोदाम नव्हतं, गळकी टाकी होती. खालून गळत राहणार आणि वरून कुणीतरी भरत राहणार. भरणारे म्हणजे गारुडी, कातकरी आणि आमच्या काकांसारखी दहीवाली माणसं.

आणि लढाईत नेमका हा वरचा नळ आटतो.

युद्धात सापांचं काय करायचं, याचं लंडनने दिलेलं उत्तर सोपं होतं. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध जाहीर झालं आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयातले विषारी साप मारून टाकले. बॉम्ब पडला, काच फुटली आणि नाग रीजंट्स पार्कात फिरायला निघाला तर? तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयात १९४३ मध्ये त्याच भीतीपोटी हत्तींना उपाशी मारलं. दोन्हीकडे विचार एकच होता, की आत कोंडलेला प्राणी हा शत्रूने आपल्या घरात ठेवलेला बॉम्ब आहे.

मुंबईला हे परवडणारं नव्हतं. लंडनमध्ये नाग बघायला लोक तिकीट काढत. आमच्याकडे बांधावर तो फुकट भेटतो. रत्नागिरीकडचा फुरशाचा त्रास सर्वश्रुत आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारने मारलेल्या फुरशांवर बक्षीस लावलं, तेव्हा तिथे वर्षाला दोन लाखांहून जास्त फुरसी मारली जात, असं विडाल नावाच्या अधिकाऱ्याने १८९० मध्ये लिहून ठेवलंय. तरी फुरसं संपलं नाही. मारून न संपणाऱ्या सापावर एकच इलाज, त्यातला एखादा जिवंत ठेवून त्याच्याकडूनच उतारा घ्यायचा.

दुसऱ्या महायुद्धात हाफकिनचे संचालक साहिबसिंग सोखी होते, १९३२ पासून १९४९ पर्यंत. परदेशी औषधांची जहाजं येईनाशी झाली तेव्हा सल्फा औषधं इथेच करायची, असा त्यांचा आग्रह होता. तो काळ मामाच्या तोंडून ऐकलेला. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, तेव्हा परळच्या चाळीत फळीवरचा पितळी डबा खाली आला आणि त्यातला रेशनचा तांदूळ खोलीभर झाला. मामी आधी तांदूळ वेचायला बसली, मग धूर बघायला गॅलरीत गेली.

मला स्वतःला आठवतात ती १९६५ आणि १९७१. दोन्ही लढाया, पण सापाच्या दृष्टीने दोन वेगळे ऋतू.

१९६५ चा सप्टेंबर. पाऊस ओसरतोय, भात पोटरीत आलंय, बिळांत पाणी शिरल्याने सगळं बांधावर. साप आणि माणूस यांची गाठ पडायचा हाच काळ. अशा वेळी ब्लॅकआउट. आमच्या घरी तेव्हा कंदीलच होते, त्यामुळे आई म्हणायची, "आपल्याकडे लढाई नसली तरी ब्लॅकआउटच असतो." पण गावात सांगायला माणूस आला, कंदिलालाही कागद लावा. कंदील नाही म्हणजे रात्री परसात जाताना काठी आपटत जायचं. आमच्या गल्लीतला एक पोरगा काठी न घेता गेला. सकाळपर्यंत पाय घोट्याच्या वर सुजला होता. तरीची फेरी बंद, रात्रीची खाडी कोण ओलांडणार? पहाटे भरती आल्यावर होडी निघाली. पोरगा वाचला, पण दोन बोटं काळी पडून गेली. घोणसीचं असंच असतं, माणूस वाचला तरी ती खूण ठेवते.

त्या आठवड्यात काकांचा धंदा जोरात असायला हवा होता. बांधावर हव्या तितक्या घोणसी. पण स्टेशनवर पोलीस, आणि प्रत्येक गाठोडं उघडून बघत होते. मडकं उघडायला सांगितलं तर? काका दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी गेले. परत आल्यावर सांगत होते, पोलिसाला खरंच सांगितलं, "साहेब, नाग हाय, हापकिनला चाललाय." पोलीस म्हणाला, "जा लवकर, आणि इकडे वळून बघू नकोस." दह्यापेक्षा नाग लवकर पार झाला.

१९७१ उलटं. लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली, १६ ला संपली. मुंबईवर बॉम्ब पडला नाही, पण भोंगे वाजत, मोटारींचे दिवे वरून काळे रंगवलेले, खिडक्यांना तपकिरी कागद. समुद्रात ९ तारखेला दीवजवळ खुकरी युद्धनौका बुडाली. आमच्या होड्या तर त्या आधीपासूनच किनाऱ्याला लागल्या होत्या, दिवा घेऊन रात्री जाणार कोण? आणि साप थंडीने बिळात. भातझोडणीच्या पेंढ्याखाली एखादी धामण सापडली तर सापडली, आणि धामणीला परळमध्ये काय किंमत? बिनविषारी. काका आठ दिवस फिरले आणि एक मण्यार मिळाली. तीही लहान. तिचं विष ते किती निघणार! तरी नेली.

तेव्हा मी मॅट्रिकला होतो, थोडी समज आली होती. मी विचारलं, "काका, एवढ्या एका मण्यारीसाठी? परवा नेली तरी चाललं असतं." ते म्हणाले, "तिकडं त्यांच्याकडच्या मरतात ना."

उतारा कोरडा करून ठेवण्याची सोय या सगळ्यात किती मोलाची होती, ते मी फार उशिरा समजलो. द्रवरूप उतारा थंड जागी ठेवावा लागतो. गोठवून वाळवलेली पांढरी पूड बर्फाच्या पेटीशिवाय पाच वर्षं टिकते. सुईने पाणी घातलं की पुन्हा औषध. वीज गेली, रस्ता तुटला तरी पालघरच्या एखाद्या दवाखान्याच्या कपाटात ती निवांत पडून असते.

काकांची फेरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हळूहळू थांबली. साप पकडायला परवानगी लागू लागली. १९७५ मध्ये हाफकिनचे दोन भाग झाले, संशोधन एकीकडे आणि औषध बनवणारी कंपनी दुसरीकडे. घोडे आता पिंपरीला. १९७८ मध्ये तमिळनाडूत इरुळा आदिवासींची सहकारी सोसायटी उभी राहिली. तिथे साप पकडतात, काही दिवस ठेवतात, विष काढतात आणि परत रानात सोडतात. आता देशभरच्या उताऱ्याचं विष मुख्यतः तिथून येतं. त्यामागचा एक माणूस, रॉम्युलस व्हिटेकर, मुंबईत वाढलेला. मायामीत बिल हास्टकडे साप धरायला शिकला आणि मग व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याने त्यालाच धरून नेलं. १९६७ मध्ये परत आला.

तमिळनाडूच्या घोणसीचं विष आणि आमच्या घोणसीचं विष तंतोतंत सारखं नसतं, हे आता शास्त्रज्ञही सांगतात. काकांना ते आधीच पटलं असतं. मनोरीची घोणस गोराईच्या घोणसीपेक्षा रागीट, असं ते कायम म्हणायचे, पण ते गोराईचे होते म्हणूनही असेल.

एक साप मात्र त्यांनी मडक्यात कधी घातला नाही. जाळ्यात बोंबील-करंदीबरोबर चपट्या शेपटीचा समुद्रातला साप येतो. नागापेक्षा जहाल. पण त्याला भाव नव्हता, कारण कुपीतला उतारा चौघांवरच चालतो, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आजही तेच. परवा किनाऱ्यावर जाळं झाडताना एक निघाला, हातभर लांब, राखाडी पट्ट्यांचा. पोरांनी वल्ह्याच्या टोकाने उचलला आणि पाण्यात भिरकावला.